सर अॅलन मॅकनॅब: शहर घडवणारा की स्वतःचं घर भरणारा?

लोहमार्गी:
कॅनडातल्या हॅमिल्टनमधला डंडर्न कॅसल लोक कौतुकाने बघतात. तो बांधणारा अॅलन मॅकनॅब स्कॉटिश कुळातला, जन्म १७९८, नायगाराकाठी. आधी वकिली, मग जमिनींचे व्यवहार, १८३० पासून विधिमंडळात. तो ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा अध्यक्ष झाला आणि विधिमंडळाच्या रेल्वे समितीचं अध्यक्षपदही त्याच्याकडे आलं. एका हाताने मागायचं, दुसऱ्याने द्यायचं! रेल्वे हेच माझं राजकारण, असं तो उघड सांगायचा. याला लोकनेता म्हणायचं?

जुना खोड:
आजचे नियम त्या काळाला कशाला लावता? रेल्वे काढायला पैसा आणि ओळखी असलेले तेच चार लोक होते. १८५४ मध्ये नायगारापासून हॅमिल्टनमार्गे विंडसरपर्यंत गाडी धावली, हॅमिल्टनचं नशीब पालटलं. आणि घर भरलं म्हणता, तर १८६२ मध्ये गेला तेव्हा हा गृहस्थ कर्जात बुडालेला होता.

तिखटमीठ:
कर्ज झालं म्हणजे हात स्वच्छ होते असं थोडंच आहे? उधळपट्टी होती ती. मला त्याची वकिली जास्त खटकते. डिसेंबर १८३७ मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश सरकारविरुद्ध उठलेल्या बंडखोरांना रसद पुरवणारी 'कॅरोलाइन' बोट याच्या हुकमावरून अमेरिकेच्या किनाऱ्यावरून ओढून काढली, पेटवली आणि प्रवाहात सोडून दिली. एक अमेरिकन माणूस मेला. कायदा शिकलेल्याने हे करावं? वर दुसऱ्याच वर्षी 'सर' पदवी!

जुना खोड:
बंडखोर नायगारा नदीतल्या बेटावर तळ ठोकून बसले होते आणि बोट त्यांना माल पोचवत होती. मग काय, बघत बसायचं? १८५४ ला प्रीमियर, म्हणजे सरकारचा प्रमुख, झाल्यावर चर्चच्या राखीव जमिनी आणि क्युबेकमधली जुनी सरंजामी पद्धत त्याच्याच सरकारने निकालात काढली, तेही विसरू नका.

लोहमार्गी:
चर्चच्या जमिनींसाठी त्याचा जुन्या मताचा टोरी पक्ष वर्षानुवर्षं भांडला होता! खुर्ची दिसल्यावर मत बदललं. आणि १८४९ चा कायदा बघा. ७५ मैलांहून लांब रेल्वेमार्गांच्या निम्म्या कर्जावरच्या व्याजाची हमी सरकारने घेतली. नफा भागधारकांचा, धोका करदात्यांचा.

जुना खोड:
ती हमी नसती तर लंडनच्या सावकारांनी दारात तरी उभं केलं असतं का? रेल्वे हवी होती की नको, ते आधी सांगा.