कोथरूड : एका गल्लीत एकदम पाच रिडेव्हलपमेंट, गल्लीचं काय?

कर्वेरोडकर
नमस्कार मंडळी. डहाणूकर कॉलनीच्या जवळपास एका गल्लीत राहतो. आईवडलांनी ८३ साली इथं फ्लॅट घेतला तेव्हा नातेवाईक म्हणायचे एवढ्या लांब कशाला गेलात, आता तेच फोन करून रेट काय चाललाय विचारतात. गल्लीत चौदा सोसायट्या, सगळ्या तीन मजली, लिफ्ट नाही, कुठं बारा फ्लॅट कुठं सोळा. त्यातल्या पाच पाडल्यात किंवा पाडायला काढल्यात. सगळ्यात आधी पूर्ण झाली तिच्यात बारा बिऱ्हाडं होती, आता अकरा मजले आणि चव्वेचाळीस फ्लॅट. लोकं अजून पूर्ण राहायला पण आली नाहीयेत आणि गल्लीच्या तोंडाशी संध्याकाळी हॉर्न सुरू.

सकाळी साडेसातला आरएमसीचा (तयार काँक्रीटचा) मिक्सर ट्रक रिव्हर्स घेत असतो तेव्हाच स्कूलबस येते, मग दोन्ही ड्रायव्हर खाली उतरून एकमेकांकडं बघत उभे. आमची खालची टाकी तासाभरात भरायची, आता दुपारपर्यंत नळाकडं लक्ष ठेवायला लागतं. मागच्या पावसाळ्यात ड्रेनेजचं चेंबर दोनदा वर आलं, लाइन जुनीच आहे, ती कुणीच बदलली नाहीये. साइटवाल्यांना विचारलं की म्हणतात आमची परमिशन नियमात आहे, आणि खरंच आहे हो, मी कागद बघितलेत.

आता खरी गोम. आमच्या सोसायटीलाही ऑफर आलीय, ३५ टक्के जादा कार्पेट (म्हणजे घरातली वापराची जागा), बांधकाम होईपर्यंतचं भाडं, कॉर्पस म्हणजे एकरकमी पैसे, आणि मी सेक्रेटरी. म्हणजे तक्रार करणारा पण मीच आणि सही करणारा पण मीच. प्रत्येक सोसायटीचं गणित तिच्यापुरतं बरोबर आहे, पण चौदा गणितांची बेरीज कोण करतं? गल्ली म्हणून एकत्र येऊन कुणी काही करून घेतलंय का? अनुभव असेल तर सांगा, "पुणं संपलं" छापाच्या प्रतिक्रिया नकोत, त्या मला पाठ आहेत.

तिसरा_मजला
अनुभव सांगते. माझी आई ८१ वर्षांची, खुब्याचं हाड मोडल्यापासून अडीच वर्षांत चार वेळा खाली उतरलीय आणि चारही वेळा डॉक्टरकडं जायला. प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून दोन मुलं धरून उतरवतात, ती डोळे मिटून घेते. तुमच्यासारखीच आमची गल्ली पण छान शांत होती, तिला ती खिडकीतून दिसायची एवढंच. लिफ्ट बसवा म्हणून सात वर्षं मीटिंगा झाल्या, तळमजल्यावाले म्हणाले आम्हाला काय उपयोग, आम्ही पैसे का द्यायचे. स्लॅबचे तुकडे पडतात ते वेगळंच. शेवटी बिल्डर आला तेव्हाच लिफ्ट यायचं ठरलं. तेव्हा जास्त लोक नकोत म्हणणाऱ्यांनी एकदा पाणी भरलेली बादली घेऊन तीन मजले चढून दाखवावेत. राग तुमच्यावर नाही, पण दर वेळी हा विषय पार्किंगवरून सुरू होतो आणि पार्किंगवरच संपतो.

नकाशेवाला
या धंद्यात आहे म्हणून थोडं लांबण लावतो. डिसेंबर २०२० ला यूडीसीपीआर म्हणजे राज्याची बांधकाम नियमावली आली, त्यात एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येतं ते, रस्त्याच्या रुंदीवर आहे. रस्ता नऊ मीटरच्या आतला असेल तर मूळ १.१, त्यावर टीडीआर (दुसऱ्या जागेचे विकत घेतलेले बांधकाम हक्क) नाही की प्रीमियम (पैसे भरून मिळणारा जादा एफएसआय) नाही. नऊ ते बारामध्ये बसलात की मूळ १.१, प्रीमियम अर्धा आणि टीडीआर ०.४ असे मिळून २. वर पैसे भरून ६० टक्क्यांपर्यंत अ‍ॅन्सिलरी, म्हणजे जिने, बाल्कनी वगैरेंसाठीचं. म्हणजे हजार चौरस मीटरच्या प्लॉटवर ३२०० मीटर बांधकाम, पूर्वी तिथं हजार-अकराशे असायचं. चव्वेचाळीस फ्लॅट तिथून आले, कुणी चोरी केलेली नाही.

पण म्हणूनच तो नऊ मीटरचा आकडा सोन्याचा. २०२० मध्ये महापालिकेत ३२३ रस्ते सहाचे नऊ करायचा प्रस्ताव आला होता आठवतंय का, तो गाड्या जायला होता की टीडीआर चढवायला यावरून बरीच भांडणं झाली. तुमची गल्ली कागदावर नऊ आहे, जागेवर टेप लावून बघा. बऱ्याचदा रुंदीकरणासाठी सोडलेली पट्टी कंपाउंडच्या आतच राहते, किंवा तिथं झाडांच्या कुंड्या आणि सिक्युरिटीची खोली. पाचही सोसायट्यांनी सोडलेली पट्टी ताब्यात देऊन डांबर झालंय का, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. ड्रेनेज लाइन किती व्यासाची आणि कधी टाकलेली हे पण त्याच अर्जात विचारा.

दुसरं, अजून सही झाली नसेल तर शेजारच्या दोन सोसायट्यांशी बोला, प्लॉट एकत्र करता येतात. मधल्या भिंती आणि मधले मार्जिन (हद्दीलगत मोकळी सोडायची जागा) जातात, तीन गेटांऐवजी एक गेट आणि एक रॅम्प. छोट्या प्लॉटवर गाड्या एकावर एक चढवायचं पार्किंग देतात ना, ते दोन वर्षांनी बंद पडतं आणि मग गाड्या गल्लीत, अर्धी बोंब त्याचीच असते. मोठ्या प्लॉटला साधं पार्किंग बसतं. अवघड फक्त एकच, तीन सोसायट्यांच्या तीन कमिट्यांना एका खोलीत बसवणं.

पार्लेकर
तुमच्याकडे वाढतंय म्हणून रडारड, आमच्याकडे वाढत नाही म्हणून. मुंबईत पार्ले ईस्टचा बराच भाग विमानतळाच्या फनेल झोनमध्ये, म्हणजे विमानं चढण्या-उतरण्याच्या पट्ट्यात, उंची मिळत नाही म्हणून बिल्डर फिरकत नाही, साठ वर्षांच्या बिल्डिंगा टेकू लावून उभ्या. आमच्या पॅसेजमध्ये लोखंडी टेकूला लोक ओल्या छत्र्या अडकवतात. बाकी चालू द्या.

भाड्यानेच
मी मालक नाही त्यामुळं मला मीटिंगला कुणी बोलावत नाही, तरी बोलतो. वनाझ ते गरवारे मेट्रो ६ मार्च २०२२ ला सुरू झाली, स्टेशनपासून पाचशे मीटरमध्ये मोठ्या रस्त्यावरच्या मोठ्या प्लॉटला एफएसआय ४ पर्यंत जातो, कारण काय तर लोकांनी स्टेशनजवळ राहावं आणि गाडी घरी ठेवावी. ऐकायला झकास. पण मी आयडियल कॉलनीत ज्या जुन्या वन बीएचकेमध्ये राहत होतो ती बिल्डिंग पाडली, जागेवर थ्री बीएचके चालल्यात, किंमत विचारायची हिंमत नाही झाली, प्रत्येकाला दोन कार पार्किंग. मी आता वारज्याच्या पुढं राहतो आणि टू-व्हीलरवर येतो. म्हणजे मेट्रोत बसणारा माणूस लांब गेला आणि कधीच न बसणारा स्टेशनशेजारी आला. कर्वेरोडकर, तुम्ही नीट मोजा, तुमच्या गल्लीत माणसं जास्त वाढली की गाड्या? जुन्या फ्लॅटमध्ये पाच-सहा जण एका स्कूटरवर निभावायचे. फ्लॅट छोटे ठेवा म्हणून एका तरी सोसायटीनं बिल्डरला सांगितलंय का? नाही सांगणार, जादा कार्पेट सगळ्यांनाच हवंय.

कर्वेरोडकर
तिसरा_मजला, तुमचं वाचून गप्प बसलो. आमच्याकडं पण वरच्या काकू आहेत, भाजीवाल्याला दोरीनं पिशवी सोडतात, रोज बघतो पण हे लिहिताना आठवल्या नाहीत. रिडेव्हलपमेंट नको असं माझं म्हणणं नाहीये, सहकार कायद्याच्या ७९-अ खाली एकूण सभासदांपैकी ५१ टक्के लागतात आणि आमच्याकडं सोळापैकी चौदा तयार आहेत, मी धरून.

नकाशेवाला, काल रात्री जेवण झाल्यावर मुलाला घेऊन टेप लावला. गल्लीच्या तोंडाशी नऊ मीटर भरतात, आत ट्रान्सफॉर्मरपाशी सात पॉइंट चार. तिथं दोन नवीन बिल्डिंगांची पट्टी सोडलेली दिसतेय पण त्यावर त्यांची पाटी आणि कारंजं. अर्ज लिहायला घेतलाय. डावीकडच्या सोसायटीचे चेअरमन एकत्र प्लॉटचं ऐकून चहा पाजायला तयार झाले, उजवीकडच्यांनी आधीच एका बिल्डरला शब्द दिलाय म्हणे, पण डीए (बिल्डरबरोबरचा विकसन करार) रजिस्टर व्हायचंय. रविवारी तिघांना आमच्या पार्किंगमध्ये बसवतोय, खुर्च्या कमी पडतील.

भाड्यानेच, मोजल्या. नवीन बिल्डिंगमध्ये आत्ता राहायला आलेली घरं १९ आणि गाड्या ३१, वॉचमननं सांगितलं. माणसं त्यालाही माहीत नाहीत.

एकच विचारायचं राहिलं. मिक्सर सकाळी सात ते नऊ आणणार नाही असं कलम कुणी डीएमध्ये घालून घेतलंय का, आणि ते पाळलं गेलं का? कुणाकडं मसुदा असेल तर त्यातलं तेवढंच वाक्य इथं टाका.