मदत हवी आहे: ‘ब्लड अँड थंडर’ला मराठीत काय म्हणाल?

मंडळी, 19व्या शतकातल्या लंडनच्या रंगभूमीवरचा लेख मराठीत आणतेय आणि ‘ब्लड अँड थंडर’पाशी चार दिवस अडलेय. 1818 साली थेम्सच्या दक्षिणेला उघडलेल्या कोबर्ग थिएटरातल्या (आजचं ओल्ड व्हिक) नाटकांबद्दल तो शब्द आलाय. खून, सूड, किंकाळ्या, आणि विंगेत लोखंडी पत्रा हलवून काढलेला ढगांचा गडगडाट! ‘भडक’ लिहिलं तर रक्त जातं, ‘रक्तरंजित’ लिहिलं तर तो गडगडाट. ‘खूनखराब्याची थरारनाटकं’ मला त्यातल्या त्यात बरं वाटतं, पण बोलीतला ठसका नाही. इंग्रजीत चुरशीच्या फुटबॉल सामन्यालाही हेच विशेषण लावतात, तिथे तर माझा शब्द चालणारच नाही. जुन्या नाटकवाल्यांच्या तोंडी असा एखादा शब्द ऐकलाय का कुणी? कृपया वाक्यासकट सांगा.