परवाना काढावा म्हणतो (वाड्यातला ग्रुप)

मोठे काका: रात्री दोनच्या सुमाराले मागच्या खोलीच्या कडीले कोनीतरी हात घातला. कुत्रं भुकलं म्हणून पळाले. आत चाळीस क्विंटल कापूस हाय. आता बंदुकीचा परवाना काढूनच घ्यावा म्हणतो.

दादा (पुणे): काढाच काका. अमेरिकेत कोणी घरात घुसलं की सरळ गोळी. केसही होत नाही म्हणे.

ताई वकील: दादा, तिथंही दर राज्याचा कायदा वेगळा. आपल्याकडे 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता. कलम 41: सूर्यास्त ते सूर्योदयात कोणी घर फोडत असेल, तर त्याचा जीव गेला तरी बचावाचा हक्क धरतात. पण कलम 37 आहे ना, गरजेपेक्षा जास्त इजा नको. आणि घरफोडीतला हा हक्क चोर घरात आहे तोवरच. रात्रीचे तर पळत होते. पाठीत छर्रे लागले असते तर आज मी जामिनाचा अर्ज लिहीत बसले असते.

मोठे काका: म्हणजे चोराले आधी विचारू का, बाप्पा, राहतं का जातं?

मामा: आमच्या आबाजवळ ठासणीची होती, डुकरासाठी. दारू ठासेपर्यंत डुक्कर अर्धं वावर खाऊन जाये.

ताई वकील: पीक राखायला आजही ठासणीचीच आधी देतात, 1959 च्या शस्त्र कायद्यात तसंच आहे. अर्ज, पोलीस चौकशी, वर निवडणूक आली की ठाण्यात जमा करायला सांगतात.

काकू: कापसाच्या खोलीपाशी बंदूक? बह्याड झाले का तुम्ही? एक ठिणगी पडली तर चोराले न्यायले तरी काय उरन? मले त्या खोलीत उदबत्ती लावू देत नाही अन्‌ स्वतः बार काढते!

दादा (पुणे): काकू जिंकल्या.

मामा: कापूस इकून टाका ना भाऊजी.

मोठे काका: भाव पाहिला का? चढन म्हणूनच तर ठेवला.

ताई वकील: पोलीस पाटलांना सांगितलं का?

मोठे काका: सकाळीच. त्याईच्याच गोठ्यातली मोटार गेली मागच्या हप्त्यात.

ताई वकील: मग ठाण्यात लेखी द्या. पुन्हा आले तर 112, आणि एकट्यानं बाहेर निघू नका.

दादा (पुणे): मी माणूस आला की पेटणारा दिवा पाठवतो.

मोठे काका: पाठव. पण सोलरचा पाहजो. लाइन रात्रीच जाते.