मदत हवी आहे: पिंपळीच्या पानांवर पिवळे चट्टे, हा नवीन व्हायरस आहे का?

नमस्कार मंडळी,
गुहागरच्या बाजूला आमचं माडा-पोफळीचं आगर आहे. सावली आयतीच आहे म्हणून गेल्या पावसात पिंपळी लावली, ओळखीतल्या एका बागेतून दोनेकशे छाटे आणले होते. दिवाळीपर्यंत झकास. मग काही वेलांच्या पानांवर पिवळे ठिपके आले, आता त्यांचे चट्टे झालेत, नवीन पान येतं तेच बारकं आणि एका अंगाला मुरडलेलं, कणसं तर करंगळीच्या पेराएवढीपण होत नाहीत. दुकानदार म्हणाला झिंक-मॅग्नेशियम कमी पडतंय, तीनदा फवारलं, पैसे गेले आणि पान होतं तसंच. शेजारचे काका म्हणतात केवडा पडलाय, उपट.

मला कमतरता वाटत नाही, कारण एक वेल हिरवागार आणि त्याला लागूनचा पिवळा, पाणी दोघांना एकाच पाटाचं. परवा खाली बसून नीट बघितलं तर पेरांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं आणि त्यावर मुंग्यांची रांग. पोफळीवर चढवलेल्या मिरवेलीच्या दोन-चार पानांवरपण अगदी तस्सेच ठिपके!! औषधी झाडांत नवनवे व्हायरस सापडतायत असं नेटवर वाचलं आणि झोप उडाली. ओळखायचं कसं? सगळं उपटू का? खरी टोचणी वेगळीच आहे, मागच्याच महिन्यात मावशीला ह्याच वेलांच्या छाट्यांच्या वीस पिशव्या दिल्यात.

---
रोगशास्त्रवाला:
मिरीचं लिहिलंत ते बरं झालं. पिंपळी, मिरी, पानवेल एकाच कुळातल्या, आणि पायपर यलो मॉटल नावाचा व्हायरस तिन्हींना लागतो. ते पांढरं म्हणजे पिठ्या ढेकूण, तोच तो पसरवतो, आणि त्याहून जास्त आपण पसरवतो, छाट्यांतून. त्यामुळे माझा पहिला संशय जुन्याच पाहुण्यावर. पण काकडी मोझॅक व्हायरसपण ह्या वेलींवर येतो, तो मावा नावाच्या बारक्या किडीतून. पानं बघून दोन्ही वेगळे करता येत नाहीत आणि नवा-जुना तर नाहीच नाही. पहिला डीएनएवाला, त्याला साधी पीसीआर चाचणी. दुसरा आरएनएवाला, त्याला आरटी-पीसीआर. दोन्ही निगेटिव्ह आल्या आणि लक्षणं तशीच, तर मग पूर्ण सिक्वेन्सिंग, म्हणजे व्हायरसचा सगळा जनुकीय क्रम वाचणं. यलो मॉटलच्या गटात एका ठरावीक जनुकाचा तुकडा ओळखीच्या व्हायरसांपेक्षा २० टक्क्यांहून जास्त वेगळा निघाला तरच नवीन प्रजाती म्हणतात.
आधी दापोलीला कृषी विद्यापीठाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागात दाखवा. कोझिकोडच्या भारतीय मसाले पीक संशोधन संस्थेने मिरीवरच्या ह्या व्हायरसांवर बरंच काम केलंय, तिकडेही विचारा. कोवळी रोगट पानं आणि एका निरोगी वेलाचं पान, वेगवेगळ्या कागदात, बर्फाच्या डब्यात. निरोगी पान लोक हमखास विसरतात.

---
माडाखालचा:
सगळं उपटू नका हो एवढ्यात. चट्टेवाले वेल मुळासकट काढून जाळा, मुंग्यांचा बंदोबस्त करा, त्याच पिठ्याला राखतात. व्हायरसवर फवारा नाही, दुकानदार काहीही सांगो.

---
मूळ प्रश्नकर्ता:
आभारी आहे दोघांचा. सोमवारी दापोलीला जातो. मावशीला आत्ताच फोन केला, पिशव्या अजून पडवीतच आहेत, जमिनीत नाही गेल्या.