तिघं एकत्र राहणार, लग्न मात्र दोघांचंच. द्विभार्या कायदा लागतो का?

गोदाकाठ: गंगापूर रोडला तिघं मिळून फ्लॅट भाड्याने घ्यायचाय. नवरा-बायको हिंदू, लग्न रजिस्टर्ड. तिसरी अविवाहित, सज्ञान. तिघांचीही संमती आहे. घरातच छोटा लग्नविधी करायचा विचार आहे. बायकोची ना-हरकत पाचशेच्या स्टॅम्पवर घेतली तर पुरेल?

पंचवटीकर: नाही पुरत. पहिल्या बायकोच्या संमतीने हा गुन्हा पुसला जात नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम ५ आणि ११ नुसार दुसरं लग्न मुळातच शून्य, म्हणजे कायद्याच्या लेखी झालंच नाही. वर भारतीय न्याय संहितेचं कलम ८२ (जुन्या दंड संहितेतलं ४९४): सात वर्षांपर्यंत कैद, पहिलं लग्न लपवलं असेल तर दहा. आपल्याकडे मुंबई प्रांतात ही बंदी १९४६ पासूनच होती. पण नुसतं एकत्र राहण्याला ८२ लागत नाही, आणि व्यभिचाराचं ४९७ सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्येच रद्द केलंय. म्हणजे अडचण राहण्याची नाही, विधीची. तो गाळा. नवरा सरकारी नोकर असेल तर खात्याची चौकशी आणखी वेगळी.

जुना_सीबीएस: "सप्तपदी झाली नाही, मग गुन्हा कसला" असं कोणी सांगेल. भाऊराव लोखंडे खटल्यात (१९६५) आरोपी त्यावरच सुटला, खरं आहे. पण तो सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन सुटला! शिवाय हिंदू विवाह कायद्याचं कलम ७ रूढी मानतं; ज्या समाजात सप्तपदीची रूढीच नाही तिथे हा बचाव लंगडा. बायको आज राजी असली तरी तिच्या वतीने आई-वडील, भाऊ, काका, मामा, मावशी, आत्या यांनाही कोर्टात तक्रार करता येते. त्र्यंबकला जाऊन हार घालून फोटो टाकणं तर नकोच.

कागदवाला: आता कागदांचं. लिव्ह अँड लायसन्सवर तिघांची नावं घाला आणि करार रजिस्टर करा, नाहीतर वाद झाला की तिसरीकडे दाखवायला काहीच नसतं. पीएफला कुटुंब असताना बाहेरच्या व्यक्तीचं नॉमिनेशन अवैध ठरतं. बँकेत चालतं, पण नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. त्यामुळे स्वकष्टार्जित मालमत्तेचं मृत्युपत्र, दोन साक्षीदारांसह, हाच खरा आधार. पहिलं लग्न माहीत असून राहिलेल्या स्त्रीला घरगुती हिंसाचार कायद्याचं संरक्षण मिळणं कठीण (सुप्रीम कोर्टाचा इंद्रा सर्मा निकाल, २०१३). ना-हरकतीचा उपयोग एकच: उद्या बायकोने विवाहबाह्य संबंधाच्या कारणावरून घटस्फोट मागितला, तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३ खाली 'तुमचीच मूकसंमती होती' असं म्हणता येतं. पण तोच कागद इतरत्र पुरावाही ठरतो.

गोदाकाठ: विधी रद्द. मूल झालं तर?

कागदवाला: इथे गंमत आहे. त्याच कायद्याचं कलम १६ शून्य लग्नातल्या मुलाला औरस, म्हणजे कायदेशीर अपत्य मानतं, पण त्यासाठी लग्न झालेलं लागतं. विधी न करता झालेल्या मुलाला ते लागू नाही. पोटगी वडिलांकडून मिळते, वारसा आपोआप नाही. मृत्युपत्रात मुलाचं नाव स्पष्ट घाला.