मदत हवी आहे : एचबीए बदलल्यावर मास्किंगमध्ये नवा डब्ल्यूडब्ल्यूएन कसा टाकावा?

नमस्कार मंडळी. नागपुरात मिहानमधल्या आमच्या डेटा सेंटरात पॉवरमॅक्स ॲरेवर (डेलची स्टोरेज यंत्रणा) दोन नोडचं लिनक्स क्लस्टर आहे. काल दुसऱ्या नोडचं एक एचबीए कार्ड (सर्व्हरला स्टोरेज नेटवर्कशी जोडणारं) जळालं आणि नवीन बसवलं. साहजिकच डब्ल्यूडब्ल्यूएन (कार्डाचा एकमेव ओळख क्रमांक) बदलला.

स्विचवर नवा डब्ल्यूडब्ल्यूएन लॉगिन झालाय, झोनमध्येही (कोणी कोणाशी बोलावं याची स्विचवरची यादी) टाकला. सिमॲक्सेसच्या (ॲरेवरचं मास्किंग सांभाळणारी कमांड) लॉगिन यादीत दोन्ही पोर्टवर 'लॉग्ड इन' आणि 'ऑन फॅब्रिक' दोन्ही 'येस' येतंय. होस्टवर स्कझी बस रिस्कॅन केली, नोड रीबूटही केला. तरी मल्टिपाथमध्ये (एकाच डिस्ककडे जाणारे अनेक मार्ग सांभाळणारी सोय) प्रत्येक लनचे, म्हणजे ॲरेने दिलेल्या डिस्कचे, चारऐवजी दोनच पाथ दिसतात, तेही जुन्या, चालू कार्डाचे. म्हणजे अडलंय ते मास्किंगमध्येच (कोणत्या होस्टला कोणते लन दिसावेत हे ॲरेवर ठरवणं), कारण इनिशिएटर ग्रुपमध्ये (होस्टच्या डब्ल्यूडब्ल्यूएनची यादी) अजून जुनाच डब्ल्यूडब्ल्यूएन आहे.

आमचे ग्रुप कॅस्केडेड, म्हणजे एकात एक, आहेत : प्रत्येक नोडचा चाइल्ड ग्रुप, दोन्हींचा मिळून एक पेरेंट आणि मास्किंग व्ह्यू (होस्ट, पोर्ट आणि लन यांची जोडणी) पेरेंटवर. पहिल्या नोडवर बिलिंगचा डेटाबेस चालू आहे, तो क्षणभरही अडकता कामा नये. पोर्ट ग्रुपला (ॲरेच्या पोर्टची यादी) हात लावता येणार नाही, तेच पोर्ट इतर होस्टही वापरतात. काम शनिवारी रात्री 11 ते 2 मध्येच उरकायचं आहे. मास्किंगचा बॅकअप फाइलमध्ये घेऊन ठेवलाय.

सिमॲक्सेसच्या रिप्लेस कमांडने जुन्याच्या जागी नवा डब्ल्यूडब्ल्यूएन थेट बदलावा, की चाइल्ड ग्रुपमधून जुना काढून नवा जोडावा? आणि चालू क्लस्टरवर हे कुणी केलं असेल तर सांगा, पहिल्या नोडचे पाथ किंवा दुसऱ्या नोडवरचे लन क्रमांक हलले का?