मुरब्बी म्हणजे नक्की कोण?

बडोदेवाली
एका कुटुंबाच्या स्मरणिकेसाठी जुन्या गुजराती पत्रांचा मराठी अनुवाद करतेय. पुतण्यांनी काकांना लिहिलेली पत्रं. प्रत्येकाची सुरुवात 'मु. श्री', म्हणजे 'मुरब्बी श्री'. माझं बालपण बडोद्यात गेलं, त्यामुळे मला काहीच खटकलं नाही, मी 'मुरब्बी' तसंच ठेवलं. काल पुण्याहून संपादकांचा फोन: "अहो, हे काका राजकारणात होते का?" तिथे काय घालू? 'तीर्थरूप' चालेल?

पारावरचा
तीर्थरूप नको! ते आईवडिलांना. काकांना 'तीर्थस्वरूप'. सहावीत यावरून बाईंनी माझा अर्धा गुण कापला होता, अजून विसरलो नाही. बाकी मुरब्बीत अवघड काय आहे? मुरणे वरून मुरब्बी. लोणच्यासारखा मुरलेला माणूस.

फारसीचा नाद
पारावरचे, इथेच सगळे फसतात. शब्द अरबी, आपल्याकडे आला फारसीच्या वाटेने. अर्थ वाढवणारा, जोपासणारा, वळण लावणारा. 'तरबियत' त्याच घरातली. त्यावरून पालक, आश्रयदाता, पाठीराखा. गुजरातीने त्यातला मान जपला, म्हणून पत्राच्या मायन्यात तो वडीलधाऱ्यांसाठी येतो. आपल्याकडे मायेचा भाग गळाला आणि चार निवडणुका पाहिलेला, समोरच्याचा डाव आधीच ओळखणारा गडी उरला.

हावड्याचा जावई
बंगालीतही आहे, 'मुरुब्बी'. बांगलादेशात तर गावातल्या थोरामोठ्यांना आजही सर्रास तेच म्हणतात. पण त्यावरूनच 'मुरुब्बियाना' झालाय, म्हणजे उगाच वडीलकीचा आव आणून उपदेश करणं. सासरेबुवा सुरू झाले की बायको हाच शब्द पुटपुटते. तेव्हा शब्द फक्त मराठीतच बिघडला असं नाही.

पारावरचा
बरं, मुरब्बी अरबी. पण मुरंबा तरी आपलाच ना? मुरलेला आंबा.

फारसीचा नाद
आवळ्याचा मुरंबा कधी खाल्ला नाहीत वाटतं! मूळ 'मुरब्बा', तोही अरबीच. आणि गंमत बघा, दोघे एकाच धातूचे: मुरब्बी म्हणजे जोपासणारा, मुरब्बा म्हणजे जोपासलेला, आपल्या बाबतीत साखरेच्या पाकात. अनुस्वार देऊन त्यात आंबा आपण घुसवला.

निवांत
म्हणजे पारावरचे काका चुकता चुकता निम्मे बरोबर निघाले. मुरब्बी आणि मुरंबा एकाच बरणीतले, फक्त बरणी अरबस्तानातली.

पारावरचा
अर्धा गुण परत द्या मग.

मायबोलीचा मान
पण परका शब्द हवाच कशाला? शिवरायांनी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो काय हौस म्हणून? सावरकरांनी 'महापौर' दिला, आज कुणाची जीभ अडखळते? इथे 'धुरीण' लिहा. भारदस्त आहे.

निवांत
धुरीण म्हणजे मुळात धुरा वाहणारा, संस्कृतात तो बैलालाही चालतो. पुतण्याने काकांना 'धुरीण काका' म्हणायचं? आणि शुद्धच करायचं तर 'हौस' आधी काढा, तीही अरबी.

मायबोलीचा मान
थट्टा करायला अक्कल लागत नाही.

फारसीचा नाद
अक्कलसुद्धा अरबीच, साहेब.

ओटीवरची
भांडू नका. 'वडील'चं काय झालं तेही बघा की. माझी आजी 'आमचे वडील दीर' म्हणायची, म्हणजे थोरले दीर. मुळात वडील म्हणजे वयाने मोठा. आता माझ्या मुलाला 'वडील बंधू' म्हटलं तर तो विचारतो, बाबा की भाऊ? वडीलधारी, वडिलोपार्जित, वडीलकी यांतच तो जुना अर्थ शिल्लक आहे. आणखी एक. 'मुरब्बी' ऐकल्यावर तुमच्यापैकी किती जणांच्या डोळ्यांपुढे बाई आली? माझ्या तरी आली नाही, धोतर-टोपीच आली. आमची आजी अख्ख्या भावकीचे तंटे सोडवायची, तिला कुणी मुरब्बी म्हटलं नाही. 'खमकी' म्हणायचे.

हावड्याचा जावई
बातम्यांत 'मुरब्बी नेत्या' वाचलंय मी.

ओटीवरची
नेत्या झाल्यावर. आधी नाही.

बडोदेवाली
सगळं पटलं, पण छपाई शुक्रवारी आहे. बडोद्यात आमच्या शेजारच्या काकांना त्यांचा पुतण्या याच शब्दाने पत्र लिहायचा. त्यात धाकही होता आणि हक्कही. 'तीर्थस्वरूप' लिहिलं की ते काका एकदम सदाशिव पेठेत राहायला जातात.

निवांत
'मु. श्री' तसंच ठेवा आणि खाली एक तळटीप द्या.

मायबोलीचा मान
तळटीप लागते तिथे अनुवाद हरला. 'ती. स्व.' लिहा.

पारावरचा
बघा, बाई बरोबरच होत्या! पण 'ती. स्व.' तोडून लिहिलं तर 'स्व.' म्हणजे स्वर्गीय वाटेल. काका हयात आहेत का?

बडोदेवाली
आहेत. ब्याण्णव वर्षांचे. स्मरणिका तेच वाचणार आहेत.

ओटीवरची
अगं मग त्यांनाच विचार ना! आणि कुणीतरी मला सांगा, मुरंब्याला आवळा किसायचा की टोचून अख्खा घालायचा? आमच्याकडे यावरून दोन घरं आहेत.

फारसीचा नाद
अख्खा. किसला तर तो कीस, मुरंबा नव्हे.

पारावरचा
चूक. आमच्याकडे किसूनच.